अँटिबायोटिक घरात आलं की: पहिल्या डोसपासून शेवटच्या डोसपर्यंत

आईला डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल दिली होती, सकाळी एक आणि रात्री एक. रात्रीची कॅप्सूल ती अंथरुणावर टेकल्यावर, दिवा मालवता मालवता, पेल्यात उरलेल्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. चौथ्या दिवशी सकाळी तिला थुंकी गिळतानाही छातीच्या मधोमध टोचायला लागलं. हृदयाचंच काही असणार म्हणून आम्ही घाबरून गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "कॅप्सूल घेतल्यावर लगेच आडव्या होता का?" कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळत होती आणि तिथलं नाजूक अस्तर भाजत होती. निदान बरोबर होतं, औषध बरोबर होतं, डोसही बरोबर होता. घेण्याची रीत चुकली होती, आणि ती आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती.

तेव्हापासून घरात कुणालाही अँटिबायोटिक सुरू झालं की मी एक कोरा कागद घेते आणि औषध संपेपर्यंत तो कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवते. त्या कागदावर काय लिहायचं आणि का, ते इथे क्रमाने सांगते. औषध कोणतं आणि किती हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. ते घरी आल्यावर नीट घेणं मात्र आपल्या हातात असतं.

डॉक्टरांच्या समोर बसलेले असतानाच

कागद भरायला सुरुवात तिथूनच होते. पहिला प्रश्न विचारा: हा संसर्ग जिवाणूंचा आहे का? अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं. सर्दी, फ्लू, बहुतेक घसेदुखी आणि बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात. त्यात अँटिबायोटिकचा उपयोग शून्य आणि त्रास मात्र पुरेपूर. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणूच आहेत, असंही नाही. डॉक्टर म्हणाले की दोन दिवस वाट पाहू, तर "काहीतरी स्ट्राँग द्या" असा आग्रह धरू नका. वाट पाहणं हाही त्या वेळी उपचारच असतो.

मग त्यांनी विचारो न विचारो, काही गोष्टी आपणहून सांगा. आधी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली होती, सध्या कोणती औषधं चालू आहेत (व्हिटॅमिन, कॅल्शियम, ॲसिडिटीचं औषध यांच्यासकट), मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार आहे का, हृदयाच्या ठोक्यांची काही तक्रार आहे का, गरोदरपण किंवा स्तनपान चालू आहे का, आणि गेल्या तीन महिन्यांत कोणतं अँटिबायोटिक घेतलं होतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर अनेक अँटिबायोटिकांचा डोस कमी करावा लागतो. गरोदरपणात पेनिसिलिन गटातली बरीच औषधं चालतात, पण डॉक्सिसायक्लिन टाळतात. शेवटचा मुद्दा लोक सहसा विसरतात. नुकतंच घेतलेलं औषध त्याच जिवाणूंवर पुन्हा लागू पडेलच याची खात्री नसते, म्हणून डॉक्टरांना ते कळायला हवं.

ॲलर्जीबद्दल जरा थांबून सांगते. "मला पेनिसिलिन चालत नाही" असं म्हणणारी माणसं खूप असतात. अमेरिकेत साधारण 100 पैकी 10 जणांच्या नावापुढे ही नोंद असते, आणि त्यांची रीतसर तपासणी केली तर 10 पैकी 9 हून अधिक जणांना पेनिसिलिन व्यवस्थित चालतं. लहानपणी कधीतरी पुरळ आलं होतं, किंवा गोळीने मळमळलं होतं, तेवढ्यावरून शिक्का बसतो आणि आयुष्यभर राहतो. मळमळ किंवा जुलाब म्हणजे ॲलर्जी नव्हे. शिक्का चुकीचा असेल तर दर वेळी दुसरं, बरेचदा जास्त त्रासदायक औषध घ्यावं लागतं. म्हणून "ॲलर्जी आहे" एवढ्यावर थांबू नका. किती वर्षांपूर्वी, कोणत्या औषधाने, घेतल्यावर किती वेळाने आणि नेमकं काय झालं होतं, ते सांगा. अंगावर गांधी उठल्या होत्या? ओठ सुजले होते? धाप लागली होती? शिक्का काढायचा की ठेवायचा ते डॉक्टर ठरवतील. घरी गोळी घेऊन पाहण्याचा प्रयोग कधीही करू नका.

लघवीचं किंवा रक्ताचं कल्चर (नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) सांगितलं असेल तर नमुना पहिल्या डोसच्या आधी द्यायचा. एक-दोन डोस पोटात गेले की नमुन्यात जिवाणू बरेचदा वाढत नाहीत, आणि कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारा तो एकमेव पुरावा हातचा जातो. आजार फार गंभीर असेल तर डॉक्टर आधी औषध सुरू करतात, तो निर्णय त्यांचा.

उठण्याआधी पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्या: औषध कशासाठी, किती तासांनी, उपाशीपोटी की जेवणाबरोबर, किती दिवस, आणि किती दिवसांत फरक पडला नाही तर परत यायचं.

पाकीट हातात आल्यावर

चिठ्ठीवरचं नाव आणि पाकिटावरचं नाव अक्षर-अक्षर जुळवा. ॲमॉक्सिसिलिन आणि ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट ही दोन वेगळी औषधं आहेत. मिलिग्रॅमचा आकडा जुळवा, मुदतीची तारीख पाहा, आणि गोळ्या मोजा: दिवसाला 3 आणि 5 दिवस, म्हणजे 15. कमी भरल्या तर तिथेच विचारा.

लिहून दिलेली ताकद मिळाली नाही म्हणून कमी ताकदीच्या दोन गोळ्या घेऊ का, असा प्रश्न पडतो. फार्मासिस्टला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटच्या 250/125 आणि 500/125 अशा दोन्ही गोळ्यांमध्ये क्लॅव्युलॅनेट सारखंच, 125 मिलिग्रॅम असतं. 250 च्या दोन गोळ्या घेतल्या तर ॲमॉक्सिसिलिन बरोबर होतं, पण क्लॅव्युलॅनेट दुप्पट जातं, आणि पोट बिघडवण्यात त्याचाच हात मोठा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्याही असतात. त्या तोडायच्या किंवा कुटायच्या नसतात. गिळायला त्रास होत असेल तर तसं सांगा, बऱ्याच औषधांचं पातळ रूप मिळतं.

घड्याळ

चिठ्ठीवर "दिवसातून तीन वेळा" लिहिलेलं असतं आणि आपण सकाळी नऊ, दुपारी एक, रात्री नऊ असं घेतो. मग रात्रीपासून सकाळपर्यंत बारा तास कोरडे जातात. ॲमॉक्सिसिलिनसारखं औषध रक्तातून झपाट्याने उतरतं. मूत्रपिंड चांगलं असेल तर साधारण तासाभरात ते निम्मं होतं. या गटातली औषधं जिवाणूंना मारतात ती रक्तातलं प्रमाण एका पातळीच्या वर राहील तेवढा वेळच. त्या पातळीखाली गेलं की उरलेले जिवाणू पुन्हा वाढायला लागतात. म्हणून तीन वेळा म्हणजे जमेल तितकं आठ-आठ तासांनी: सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10. दोन वेळा म्हणजे बारा तासांनी. मध्यरात्री गजर लावून उठायची बहुधा गरज नसते, पण जागेपणीच्या वेळा समान वाटून घ्या.

सगळ्यांचं गणित असं नसतं. ॲझिथ्रोमायसिन दिवसातून एकदाच आणि अनेकदा तीनच दिवस देतात, कारण ते पेशींमध्ये साठून राहतं आणि गोळ्या संपल्यावरही काही दिवस काम करत असतं. तीन दिवसांचा कोर्स बघून "एवढंच?" म्हणून स्वतःहून आणखी एक पाकीट आणू नका.

कागदावर दिवस आडवे आणि वेळा उभ्या आखा, गोळी घशाखाली उतरली की मगच खूण करा. आधी खूण करून मग पाणी आणायला गेलेलं माणूस गोळी विसरतं, हे मी घरात पाहिलं आहे.

डोस राहिला तर? आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या आणि पुढचा नेहमीच्या वेळी घ्या. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाही. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा घ्यायची की नाही ते फोन करून विचारा. उलट्या थांबतच नसतील तर तोंडाने औषध घेण्यात अर्थ उरत नाही, दुसरा मार्ग शोधावा लागतो.

पाणी, पोट आणि पाठीचा कणा

गोळी पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची, उभं राहून किंवा ताठ बसून. डॉक्सिसायक्लिन असेल तर त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आमच्या घरी तेव्हापासून रात्रीची कॅप्सूल जेवणाच्या वेळेलाच असते, झोपताना नाही.

उपाशीपोटी की जेवणाबरोबर, याला सरसकट उत्तर नाही. ॲमॉक्सिसिलिन कसंही चालतं. क्लॅव्युलॅनेट असलेली गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेतली की पोटाला कमी त्रास होतो. सेफ्युरॉक्झिमची गोळी आणि नायट्रोफ्युरँटोइन जेवणाबरोबर घेतली की शरीरात जास्त शोषली जाते. फ्लुक्लॉक्सासिलिनचं उलट: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन आणि त्यांच्या गटातली औषधं कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांना पोटातच घट्ट चिकटतात, आणि मग ती जोडी रक्तात न जाता तशीच बाहेर पडते. गोळी वेळेवर घेतली, खूणही केली, पण औषध शरीरात पोचलंच नाही! दुधाच्या पेल्याबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिन घेणं म्हणजे हेच. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, मल्टीव्हिटॅमिन आणि ॲसिडिटीवरची पांढरी पातळ औषधं यांचंही तसंच. अँटिबायोटिकने पोटात आग पडली म्हणून माणूस वरून ॲसिडिटीचं औषध पितं आणि नकळत अँटिबायोटिक वाया घालवतं. सिप्रोफ्लॉक्सासिन या सगळ्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्यायचं. बाकीच्यांचं अंतर फार्मासिस्ट सांगतील. थोड्या दिवसांचा कोर्स असेल तर व्हिटॅमिन तेवढे दिवस थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारणं सगळ्यात सोपं.

आधीपासून चालू असलेली औषधं

काही जोड्या खरोखर धोक्याच्या आहेत, आणि दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्या निसटून जातात. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असताना मेट्रोनिडाझोल किंवा कोट्रायमॉक्साझोल सुरू झालं तर रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) तपासणी लवकर करावी लागते. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकत्र आले तर स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन स्नायू सैल करणाऱ्या टिझॅनिडिनबरोबर अजिबात घ्यायचं नसतं, रक्तदाब धोकादायक खाली येतो. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी कोट्रायमॉक्साझोलचं नाव दिसताच थांबून विचारावं. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन असेल तर साखर अचानक खाली जाऊ शकते. नैराश्याच्या बऱ्याच औषधांबरोबर लिनेझोलिड चालत नाही.

मेट्रोनिडाझोल आणि टिनिडाझोल चालू असताना दारू पूर्ण बंद, आणि शेवटच्या गोळीनंतर आणखी 3 दिवस बंद. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम रिफाम्पिसिनमुळे खरोखर कमी होतो. नेहमीच्या बाकी अँटिबायोटिकांनी तसा होत नाही, पण उलट्या-जुलाब झाले तर तीच गोळी वाया गेलेली असू शकते.

ही यादी पाठ करायची गरज नाही. चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं एका पिशवीत घालून फार्मासिस्टसमोर ठेवा.

लहान मुलांचं पातळ औषध

बाटलीतली कोरडी पावडर आधी हलवून मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला, जोरात हलवा, फेस बसू द्या आणि मग खुणेपर्यंत भरा. एकदम भरलं तर फेसाने फसगत होते आणि तळाशी गोळा राहतो. कागदावर आणि बाटलीवरही तयार केल्याची तारीख लिहा. बहुतेक अशी औषधं 7 ते 10 दिवसच टिकतात, काही फ्रिजमध्ये ठेवायची, काही बाहेर, ते लेबलवर असतं. दर वेळी बाटली हलवा, नाहीतर पहिले डोस पाणचट आणि शेवटचे जहाल होतात.

मोजायला सोबत आलेली सुई नसलेली सिरिंज वापरा. स्वयंपाकघरातले चमचे लहान-मोठे असतात. बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा, घशात मागे नाही. दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नका, बाळाने अर्धंच दूध प्यायलं तर किती औषध पोटात गेलं ते कळणारच नाही. आणि मोठ्या भावंडाचं उरलेलं औषध धाकट्याला कधीच नाही. मुलांचा डोस वजनावर ठरतो.

काय सोसायचं, काय नाही

थोडी मळमळ, पातळ शौच, तोंडाला कडवट चव, स्त्रियांना योनीमार्गात खाज, हे होऊ शकतं. मेट्रोनिडाझोलने तोंडात धातूसारखी चव येते. नायट्रोफ्युरँटोइनने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते आणि रिफाम्पिसिनने नारिंगी. आधी माहीत असलं तर घाबरायला होत नाही. डॉक्सिसायक्लिन घेत असताना कडक उन्हात कातडी लवकर भाजते, म्हणून अंग झाकून बाहेर पडा.

पुढच्या गोष्टी झाल्या तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: अंगभर पुरळ, डोळे किंवा त्वचा पिवळी होणं, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिन चालू असताना टाचेच्या मागची शीर (स्नायूला हाडाशी जोडणारा जाड दोर) दुखणं किंवा सुजणं, हातापायांना मुंग्या येणं. ती शीर तुटूही शकते. साठीच्या पुढच्या आणि स्टेरॉइड घेणाऱ्या माणसांना हा धोका जास्त असतो.

आणि यासाठी मात्र क्षणभरही थांबायचं नाही: ओठ, जीभ, चेहरा सुजणं, धाप लागणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, अंगभर गांधी उठून चक्कर येणं. डोस घेतल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात हे होऊ शकतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो. रुग्णवाहिका बोलवा. तोंडात फोड, डोळे लाल आणि कातडी सुटायला लागणं, हीदेखील तातडीचीच लक्षणं.

जुलाबांबद्दल वेगळं सांगायला हवं. अँटिबायोटिक आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारतं, आणि त्या रिकाम्या जागी क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू फोफावू शकतो. दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब, पोटात कळ, ताप किंवा शौचात रक्त दिसलं तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका, डॉक्टरांकडे जा. हे कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही होतं. तेव्हा अँटिबायोटिक घेतलं होतं हे आठवणीने सांगा.

बरं वाटायला लागल्यावर

साधारण 48 ते 72 तासांत फरक दिसायला हवा. ताप पहिल्या दिवशी उतरला नाही म्हणून औषध बदलायची घाई नको. पण तीन दिवसांनीही तसंच असेल, किंवा मधेच बिघडत चाललं असेल, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका.

खरा मोह तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतो. बरं वाटतं, गोळ्या नकोशा होतात. कोर्स किती दिवसांचा, यावर गेल्या काही वर्षांत वैद्यकशास्त्राने बराच फेरविचार केला आहे. अनेक संसर्गांना पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात, असं दिसून आलं आहे. स्त्रियांच्या साध्या मूत्रमार्ग संसर्गाला काही औषधं 3 ते 5 दिवस पुरतात. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे झालेल्या घसेदुखीला मात्र पेनिसिलिन अनेकदा 10 दिवस देतात आणि क्षयरोगाला नेहमीचा उपचार 6 महिन्यांचा असतो. मग बरं वाटलं म्हणून मी ठरवावं का? नाही. आत किती जिवाणू उरले आहेत, हे आपल्याला वाटण्यावरून कळत नाही. लवकर थांबवायचं असेल तर फोन करा आणि विचारा. कधीकधी डॉक्टर स्वतःच "थांबवा" म्हणतील. तसंच, उरलेल्या गोळ्या संपवायच्या म्हणून दोन दिवस जास्तीही घेऊ नका.

पेनिसिलिन 1928 मध्ये शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं की अपुऱ्या डोसने जिवाणू मरत नाहीत, औषधाला दाद न देणारे होतात. त्यांची भीती खरी ठरली. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज आहे. उद्या आपल्याच घरात कुणाला न्यूमोनिया झाला तर हाताशी चालणारं औषध असायला हवं, म्हणून मला हे इतकं जिव्हाळ्याचं वाटतं.

उरलेल्या गोळ्या आणि तो कागद

खणात दोन-तीन कॅप्सूल ठेवून देण्याची सवय आपल्याला असते, "पुढच्या वेळी उपयोगी पडतील". पुढच्या वेळचा आजार वेगळा असतो, आणि दोन कॅप्सूलनी कुठलाच संसर्ग बरा होत नाही. त्या दुसऱ्या कुणालाही देऊ नका. फार्मासिस्ट परत घेत असतील तर त्यांच्याकडे द्या, शौचालयात टाकू नका.

कागद मात्र टाकायचा नाही. शेवटची खूण झाली की त्याच्या खाली तारीख, औषधाचं नाव, किती दिवस घेतलं, कशासाठी घेतलं आणि काही त्रास झाला का, एवढं लिहा आणि तपासण्यांच्या फाइलीत घाला. आईच्या कागदावर मी लाल शाईने लिहिलं आहे: "डॉक्सिसायक्लिन, अन्ननलिकेला जखम, आडवं झाल्यामुळे. ॲलर्जी नाही."